मनोरा नसलेलं चर्च कसं वाचायचं?

सायवनहून डहाणूला येऊन तुम्ही एखादं जुनं मिशन चर्च पाहिलंत, तर वहीत पटकन काय लिहाल? ‘साधी इमारत, बहुधा पैसे कमी पडले.’ जरा थांबा.

डहाणूत काम केलेलं ब्रेदरन मिशन अमेरिकेतलं. 1890च्या दशकात ते वलसाडला आलं. पंथाचं मूळ मात्र जर्मनीत. 1708 साली तिथे आठ जणांनी एडर नदीत प्रौढपणी बाप्तिस्मा घेतला, जो तेव्हा बेकायदा होता. राजमान्य चर्च नाकारलं, तसा त्याचा थाटही नाकारला. म्हणून त्यांच्या जुन्या सभागृहांना मनोरा नाही. उंच व्यासपीठाऐवजी लांब टेबल, उपदेशक लोकांच्याच पातळीवर. फिलाडेल्फियातल्या जर्मनटाउनचं 1770चं सभागृह पक्क्या दगडाचं आहे, तरी साधंच.

तेव्हा अशा वास्तूत तीन गोष्टी बघा. बोलणारा किती उंचावर उभा राहतो? एकमेकांचे पाय धुण्याच्या विधीला आणि सहभोजनाला जागा कुठे? पूर्ण बुडवून बाप्तिस्मा द्यायला हौद आहे, की नदीवर जायचे?

नुसत्या पाटीवर विसंबू नका. 1970 साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात ब्रेदरन आणि अँग्लिकन दोघंही आले. पाटी नंतरची, भिंती आधीच्या असू शकतात.

साधेपणा कधी गरिबीतून येतो, कधी श्रद्धेतून. न तपासताच ‘गरीब’ लिहिलंत, तर लोकांनी विचारपूर्वक घेतलेला निर्णय तुमच्या प्रबंधातून पुसला जातो.