मुंबईचा प्लेग आणि छान जुळलेली एक रेघ

साथरोगांच्या गणितावर संशोधन करायचं ठरवलंत, तर पहिल्या आठवड्यातच तुमची गाठ एसआयआर मॉडेलशी पडेल. त्याचं मूळ कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांच्या १९२७ च्या निबंधात आहे. त्यात उदाहरण म्हणून घेतलेला आलेख चक्क आपल्या मुंबईचा आहे: डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधले प्लेगचे आठवडावार मृत्यू. आकडे चढतात, १७ व्या आठवड्याच्या आसपास नऊशेच्या घरात जातात आणि उतरतात. सूत्रातून काढलेली रेघ त्या ठिपक्यांवर अशी बसते की शंका घ्यावीशीच वाटत नाही.

पण घ्या. मॉडेलमध्ये रोग माणसाकडून माणसाकडे जातो. लागण होऊ शकणारी माणसं कमी होत गेली की सगळ्यांना लागण व्हायच्या आधीच साथ ओसरते. मुंबईत असंच घडलं का?

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेली, धान्याच्या वखारींची वस्ती. उंदरांना आणखी काय हवं! सरकारचं लक्ष मात्र माणसांवर आणि घाणीवर. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. घरझडत्या, रुग्णांना उचलून नेणं, रेल्वे प्रवाशांची तपासणी, गटारं धुणं, सगळं जोरात सुरू झालं. पुण्यात ही सक्ती किती असह्य झाली ते रँडच्या खुनावरून तुम्हाला माहीतच आहे. त्याच सुमारास ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन यांनी लस तयार केली आणि पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली.

१८९८ मध्ये पॉल-लुई सिमोंद यांनी कराचीत दाखवलं की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९०५ मध्ये नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवले. ज्या पिंजऱ्यांपर्यंत पिसवा पोचू शकत नव्हत्या, त्यांतले प्राणी वाचले. मला विचाराल तर त्या काळातला सगळ्यात देखणा प्रयोग हाच!

म्हणजे आलेखातल्या उतारामागे उंदीर, पिसवा आणि ऋतू आहेत. मुंबईत प्लेग वर्षानुवर्षं हिवाळ्याच्या शेवटी चढायचा आणि पावसाळ्यापर्यंत उतरायचा. निकोला बाकाएर यांनी २०१२ मध्ये याच मुद्द्यावर त्या जुळणीला हरकत घेतली. खरं तर मूळ लेखकांनीही लिहून ठेवलं होतं की इथे गृहीतकं काटेकोर लागू नाहीत, सूत्र ढोबळ आहे. पाठ्यपुस्तकांत रेघ आली, ही टीप गळाली. म्हणून मूळ निबंध वाचा.

शिरड शहापूरला बसून हे लिहिताना एक गोष्ट सांगावीशी वाटते. जुन्या लोकांना समीकरण ठाऊक नव्हतं, पण घरात उंदीर पडायला लागले की गावंच्या गावं माळावर झोपड्या घालून राहायची. माणूस उंदरांपासून लांब गेला, बस्स. ऑगस्ट १९९४ मध्ये आपल्याच मराठवाड्यात, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात, पुन्हा तोच क्रम दिसला: आधी उंदीर मेले, पिसवांचा त्रास वाढला, मग गाठी आलेले रुग्ण. या वेळी हाताशी टेट्रासायक्लिन होतं आणि घरांत मारायला कीटकनाशक.