चारशे रायफली

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मस्कत ही जुन्या रायफलींची मोठी पेठ झाली होती. युरोपातल्या फौजा नव्या मॅगझिन रायफली घेत होत्या, मार्टिनी-हेन्री मोडीत निघत होत्या, आणि हा माल फ्रेंच व्यापारी मस्कतला उतरवत होते. फ्रान्सचा सुलतानाशी १८४४चा करार होता, म्हणून इंग्रजांना हा धंदा सरळ बंद पाडता येईना. तिथून गलबतांनी माल मकरान किनाऱ्याला जाई आणि पुढे उंटांवरून अफगाणिस्तानात. सरहद्दीवरच्या पठाणांच्या हाती मार्टिनी दिसू लागल्या, तशी हिंदुस्थान सरकारची झोप उडाली.

मी पेशाने टूलरूम फिटर. बर दुबईत मीना बाजाराच्या मागे राहतो. जुन्या शस्त्रांचा नाद मला आबांमुळे, म्हणजे आजोबांमुळे लागला. त्यामुळे अल फहीदी किल्ला हा माझ्यासाठी या शहराचा सगळ्यात मोलाचा कोपरा. १७८७च्या सुमारास प्रवाळाच्या दगडांत बांधलेला हा किल्ला दुबईतली सर्वांत जुनी उभी वास्तू मानला जातो. १९७१ साली त्याचं संग्रहालय झालं. तिथल्या शस्त्रांच्या दालनात तलवारी-खंजिरांपेक्षा मी बंदुकांपुढेच जास्त रेंगाळलो.

मार्टिनी ओळखायची खूण सोपी. चापाच्या मागे खाली एक लोखंडी तरफ असते. ती ओढली की आतला ठोकळा खाली बसतो आणि रिकामी पुंगळी मागे उडते. मग हाताने नवं काडतूस सारायचं, तरफ वर घ्यायची, की बंदूक तयार. उजव्या अंगाला मुकुट, त्याखाली व्ही. आर. ही अक्षरं, एनफिल्ड आणि साल कोरलेलं असेल तर तो सरकारी कारखान्याचा माल. बर्मिंगहॅमच्या खासगी कारखानदारांनी विक्रीसाठी केलेल्या मार्टिनींवर राणीचा शिक्का नसे. एवढ्याशा जागेत बंदुकीचा अर्धा प्रवास वाचता येतो.

या बंदुकांपायीच २४ डिसेंबर १९१० रोजी दुबईत रक्त सांडलं. चोरटी शस्त्रं शोधायला हायसिंथ या इंग्रज युद्धनौकेवरून सुमारे १०० सैनिक पहाटे उतरले आणि घरांची झडती घेऊ लागले. दुबईचे शासक शेख बुट्टी बिन सुहैल यांची प्रजा भडकली, गल्ल्यांत गोळीबार झाला, जहाजावरून तोफा डागल्या गेल्या. दुबईची ३७ माणसं गेली. इंग्रजांचेही काही सैनिक पडले. नंतर बुशहरचे रेसिडेंट पर्सी कॉक्स यांनी ४०० रायफली मागितल्या, शिवाय गावात इंग्रज एजंट ठेवून घ्या म्हणाले. शेखांनी रायफली द्यायचं कबूल केलं, एजंट मात्र नाकारला. मला हा माणूस फार मोठा वाटतो. ज्या गावात हिंदुस्थानचाच रुपया चालत होता आणि वर्षभरापूर्वीच हिंदुस्थानी टपाल कचेरी उघडली होती, त्या गावाने हे केलं. १९१२ साली मस्कतच्या सुलतानाने सगळी शस्त्रं सरकारी वखारीत ठेवण्याचा नियम केला आणि तो व्यापार बसला.

दुबईतल्या त्या झडतीच्या वर्ष आणि तीन दिवस आधी नाशकात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर ब्राऊनिंग पिस्तूल झाडलं होतं. तशी पिस्तुलं सावरकरांनी लंडनहून धाडली होती. लपवून आणावी लागली, कारण १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला विनापरवाना शस्त्र बाळगता येत नव्हतं आणि युरोपियनांना त्यातून सूट होती. मला नाशिक आणि दुबई इंग्रज सरकारच्या एकाच भीतीच्या दोन टोकांना दिसतात.

आबांकडे परवान्याचं पॉइंट बत्तीसचं वेब्ली अँड स्कॉट रिव्हॉल्वर होतं. अंगठ्याने खटका दाबला की नळी पुढे मोडायची आणि सहाही पुंगळ्या एकदम वर यायच्या. निवडणूक लागली की ते कोल्हापुरात पोलीस ठाण्यात जमा करावं लागे. परत आणल्यावर आबा तेलाचं बोट फिरवून प्रत्येक घर उजेडात धरून पाहत. बार त्यांनी क्वचितच काढला. त्यांचं सगळं सुख त्या राखणीत होतं.

इथे दुबईत मात्र जुनी रायफल अजून लोकांच्या हातात आहे. लग्नात, राष्ट्रीय दिनाला योला हा रायफलींचा नाच करणारे तरुण ती बोटांवर फिरवतात, उंच फेकतात आणि झेलतात. हल्ली पुष्कळदा ती लाकडी असते. एखाद्याच्या हातात खरी असावी असं वाटलं, तर मी नाच संपल्यावर पुढे होतो, सलाम करतो आणि उजवी बाजू बघू का म्हणून विचारतो.