बाईक नक्की किती झुकली? मोबाईलचं ॲप, मोटोजीपी आणि 52 अंशांचा एक स्क्रीनशॉट

आमच्या हिंगोलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पंधरा-वीस जण आहेत. कोणी कळमनुरीचा, कोणी वसमतचा, दोघं-तिघं माझ्यासारखे नोकरीला पुण्यात. दर रविवारी रेस असो नसो, मोटोजीपीवर भांडण ठरलेलं. सगळ्यात वेगवान कोण? (ब्रॅड बाइंडर, 2023, मुजेलो, केटीएम, ताशी 366.1 किलोमीटर. 2024 मध्ये तिथेच पोल एस्पार्गारोने बरोबरी केली.) आणि नवीन पोरगा ग्रुपमध्ये आला की त्याला हमखास विचारला जाणारा प्रश्न: भारतीय कंपनीच्या बाईकने वर्ल्ड चॅम्पियनशिपची रेस कधी जिंकली का?

बहुतेक जण "नाही" म्हणतात. उत्तर "हो" आहे. आपल्या मुंबईची महिंद्रा 2011 मध्ये 125 सीसी गटात उतरली, नंतर मोटो3 मध्ये गेली. 26 जून 2016 ला नेदरलँड्समधल्या आसेन ट्रॅकवर महिंद्राने मोटो3 ची पहिली रेस जिंकली. बाईक घडली युरोपात, पण टाकीवर नाव महिंद्राचं. चालवणारा होता फ्रान्चेस्को बान्याया, तोच जो पुढे डुकाटीवर 2022 आणि 2023 चा मोटोजीपी चॅम्पियन झाला. 2017 नंतर महिंद्रा बाहेर पडली, ही खंत ग्रुपवर अजून निघते.

पण आजचा विषय वेगळा आहे. गेल्या वर्षी एका मित्राने ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला: "कमाल झुकाव 52 अंश". फोन हँडलला लावलेला, एक फुकटचं ॲप, आणि औंढ्याकडच्या डोंगरातलं एक वळण. खाली पंचवीस-तीस मेसेज. "काय राव, मार्केझ झाला का!" मी पण एक आग लागलेली इमोजी टाकली. सॉफ्टवेअरवाला असून तो आकडा तपासला नाही, हे आधीच कबूल करतो.

झुकावाचं गणित

वळणावर बाईक किती झुकणार हे दोनच गोष्टींवर ठरतं: वेग आणि वळणाची त्रिज्या. बाईक किती सीसीची, चालवणारा किती शूर, याचा इथे संबंध नाही. झुकावाच्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या गुणिले 9.8. वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, म्हणजे ताशी किलोमीटरला 3.6 ने भागायचं.

ते वळण मी नंतर मॅपवर मोजलं. त्रिज्या साधारण 60 मीटर. मित्राचा त्या दिवशीचा जीपीएस वेग ताशी 55. गणित केलं तर उत्तर येतं 22 अंशांच्या आसपास. त्याच वळणावर 52 अंश झुकायचं असेल तर वेग हवा जवळपास 99! टायरची रुंदी आणि आपण अंग कुठे टाकतो यामुळे दोन-चार अंश इकडेतिकडे होतात, तीस नाही.

मोटोजीपीवाले 60 अंशांच्या पुढे जातात ते गरम केलेल्या स्लिक टायरवर, खास बनवलेल्या डांबरावर. शिवाय ते शरीर आतल्या बाजूला लटकवतात. ते गुडघा टेकवायला नसतं, दिखाव्याला तर नाहीच. वजन आत गेलं की तेवढ्याच वेगाला बाईक थोडी कमी झुकवून काम भागतं.

मग ॲपने 52 दाखवले कुठून?

तुमच्या फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोप असे दोन सेन्सर असतात. दोन्ही सिलिकॉनवर कोरलेले, डोळ्यांना न दिसणारे हलते भाग. ॲक्सेलरोमीटर सांगतो की आपल्याला कोणत्या दिशेला ओढलं जातंय. फोन टेबलावर तिरपा ठेवला की त्याला जमीन कुठे आहे ते बरोबर कळतं. स्क्रीन आडवी-उभी होते ती यामुळेच.

वळणावरच्या बाईकवर मात्र तो फसतो. पाण्याची अर्धी बाटली टाकीवर घट्ट बांधून कोणी वळण घेतलं, तर बाईक झुकते पण पाणी बाटलीच्या तळाशी जवळजवळ समांतरच राहतं, सांडल्यासारखं एका बाजूला जात नाही. कारण गुरुत्वाकर्षण आणि वळणाचा जोर मिळून जी ओढ तयार होते ती थेट बाईकच्या सीटमधून टायरकडे जाते. ॲक्सेलरोमीटर म्हणजे असलीच एक बाटली. बाईक खरोखर 40 अंश झुकली तरी तो म्हणेल, "सरळ आहे".

गुरुत्वाकर्षण आणि त्वरण यातला फरक आतून कळत नाही, हे आइनस्टाइनचं म्हणणं. आणि गंमत बघा, त्याच आइनस्टाइनच्या सिद्धांतातल्या गुरुत्वीय लहरी पकडणारी लायगो-इंडिया वेधशाळा आपल्या औंढा तालुक्यात होतेय. 4 किलोमीटरच्या दोन भुजा, 2023 मध्ये केंद्राने मंजूर केलेले 2,600 कोटी. हे वळण त्याच तालुक्यातलं! असो.

दुसरा सेन्सर जायरोस्कोप. तो कोन नाही, फिरण्याचा वेग सांगतो. त्याची सतत बेरीज करत राहिलं की कोन मिळतो, पण प्रत्येक बेरजेत बारीक चूक मिसळते आणि आकडा हळूहळू सरकत जातो. म्हणून बरीच ॲप ही चूक ॲक्सेलरोमीटरने दुरुस्त करतात, म्हणजे त्याच फसलेल्या बाटलीला विचारून. त्यात सिंगल सिलिंडरची थरथर आली. 6,000 आरपीएमला क्रँक सेकंदाला 100 वेळा फिरतो, आणि फोनचा सेन्सर सेकंदाला शंभरेक वेळाच वाचत असेल तर ती थरथर भलत्याच रूपात आकड्यात घुसते. वर हँडल वळतं ते वेगळं.

सगळ्यात मोठा घोळ "कमाल" या शब्दात आहे. पूर्ण राईडमध्ये एकदा खड्ड्यात चाक आदळलं आणि आकडा क्षणभर उसळला, की तोच कायमचा रेकॉर्ड. 52 अंश हा बहुधा खड्ड्याचा आकडा होता.

खऱ्या बाईकमध्ये हे कसं करतात?

सेन्सर जवळपास तेच, नाव आयएमयू. फरक असा की ते बाईकच्या चौकटीत पक्कं बसवलेलं असतं आणि त्याला एबीएसच्या सेन्सरकडून चाकाचा वेग सतत मिळतो. वेग गुणिले वळण्याचा दर केलं की बाजूची ओढ कळते, ती वजा केली की उरतं शुद्ध गुरुत्वाकर्षण. म्हणजे बाटलीने केलेली फसवणूक पकडता येते. फोनकडे वेगासाठी फक्त जीपीएस, तेही साधारण सेकंदाला एकदा. चांगली ॲप तेवढ्यावरही बऱ्यापैकी उत्तर काढतात, पण फुकटच्या यादीतली बरीच तो त्रास घेत नाहीत.

हे तंत्र आता लांबचं राहिलेलं नाही. पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात बनणाऱ्या केटीएम 390 ॲडव्हेंचरमध्ये 2020 पासून कॉर्नरिंग एबीएस आहे, 2022 च्या आरसी 390 मध्येही आलं. बाईक किती झुकलीय ते बघून ब्रेकचा दाब आणि मागच्या चाकाची ताकद आवरली जाते. 2018 पासून मोटोजीपीत सक्तीचे झालेले एअरबॅग सूटसुद्धा असल्याच सेन्सरवर ठरवतात की आता फुगायचं. 125 सीसीच्या वरच्या बाईकना 2019 पासून जे एबीएस सक्तीचं आहे ते साधं आहे, त्याला झुकाव कळत नाही.

आमच्या मित्राची बाईक 160 सीसीची, पुढच्या चाकालाच एबीएस. त्याचा हिशोब सरळ होता: "52 ला काही झालं नाही, म्हणजे अजून जागा आहे." पुढच्या रविवारी तो त्याच वळणात 80 ने शिरला. 80 ला 60 मीटरच्या वळणात लागतात 40 अंश. म्हणजे त्याच्या समजुतीप्रमाणे रेकॉर्डपेक्षा कमीच, आणि खरं म्हणजे आदल्या वेळेच्या जवळपास दुप्पट. 40 अंशांना टायरला हवी 0.84 एवढी पकड. कोरड्या, स्वच्छ डांबरावर ती जेमतेम मिळते. ऑक्टोबर होता, रस्त्याच्या कडेला सोयाबीन वाळत घातलेलं, त्याचा भुसा अर्ध्या लेनमध्ये. त्याने ब्रेक दाबला, आणि उरलीसुरली पकड ब्रेकने खाल्ली. खांद्याचं हाड, सहा आठवडे गळ्यात झोळी. हेल्मेट होतं म्हणून एवढ्यावर निभावलं. दवाखान्यात मी त्याला गणित करून दाखवलं. तो म्हणाला, "भाऊ, हे तू ग्रुपवर आधी का नाही टाकलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुम्हाला तपासायचं असेल तर

जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे, ते सेन्सरचे कच्चे आकडे दाखवतं. बाईक स्टँडवर उभी करून, फोन हँडलला लावून इंजिन चालू करा आणि ॲक्सेलरोमीटरचा आलेख बघा. बाईक जागची हललेली नाही, तरी रेषा कशी नाचते ते दिसेल. वळणाची त्रिज्या मॅपवरून आणि वेग जीपीएसवरून घेऊन वरचं गणित घरी बसून करता येतं, त्यासाठी चालत्या बाईकवर स्क्रीन बघायची गरज नाही.

हां, आणि हा प्रयोग मिनिटभरच करा. ताकदवान बाईकच्या इंजिनाची थरथर हँडलवरच्या फोनच्या कॅमेऱ्याला बाधू शकते असं ॲपलने 2021 मध्ये स्वतःच सांगितलंय. कॅमेरा स्थिर ठेवणारी यंत्रणा, म्हणजे लेन्स हलवणारे बारीक भाग, त्याने बिघडू शकतात. तुमच्या फोनमध्ये ओआयएस असेल तर नकाशासाठी जुना फोन लावा, नाहीतर थरथर शोषणारं रबरी डॅम्पर असलेलं होल्डर घ्या.