पादाभ्यंग

पादाभ्यंग म्हणजे तळपाय, पावले व घोटे यांना तेल किंवा तूप लावून केलेले मर्दन होय. आयुर्वेदातील अभ्यंगाचा हा एक प्रकार असून थकवा घालवणे, मन शांत करणे व झोप लागण्यास मदत करणे यांसाठी तो केला जातो. महाराष्ट्रात रात्री निजण्यापूर्वी काशाच्या वाटीने तळपाय घासण्याची पद्धत रूढ आहे.

नाव व व्याप्ती

‘पाद’ म्हणजे पाय आणि ‘अभ्यंग’ म्हणजे अंगाला स्नेह, म्हणजेच तेल-तुपासारखा स्निग्ध पदार्थ, चोळणे. महाराष्ट्रात सर्वांगाच्या अभ्यंगाची परंपरा नरक चतुर्दशीचे अभ्यंगस्नान आणि बाळ-बाळंतिणीचे मालिश या रूपांत टिकून आहे. पादाभ्यंग त्या मानाने सोपा आहे. त्याला थोडे तेल व थोडा वेळ पुरतो आणि तो स्वतःलाही करता येतो.

ग्रंथांतील उल्लेख

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात दिनचर्येचा भाग म्हणून पादाभ्यंग सांगितला आहे. पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, थकवा व बधिरता कमी होणे आणि दृष्टी प्रसन्न राहणे हे त्याचे गुण तेथे दिले आहेत. याच स्थानातील एकविसाव्या अध्यायात झोप न येणाऱ्यासाठी अभ्यंग, स्नान, दूध, मनाला आवडणारे गंध व ध्वनी, अंग चेपणे आणि सुखकर शय्या असे उपाय एकत्र सांगितले आहेत. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात पादाभ्यंग निद्राकारक असल्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात रोज अभ्यंग करावा आणि डोके, कान व पाय यांना तो विशेषत्वाने करावा, असे म्हटले आहे. या ग्रंथावरील ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याने तेराव्या शतकात लिहिली. कफाचा विकार, अजीर्ण आणि नुकतीच झालेली शोधनक्रिया अशा अवस्थांत अभ्यंग करू नये, असेही वाग्भटाने सांगितले आहे.

पद्धत

पाय कोमट पाण्याने धुऊन कोरडे केले जातात. ऋतू व सवयीप्रमाणे तिळाचे तेल, खोबरेल किंवा गाईचे तूप घेतात. टाचेकडून बोटांकडे आणि पुन्हा मागे असे तळव्याने चोळतात, तर टाच, तळव्याची कमान व बोटांची मुळे अंगठ्याने दाबतात. प्रत्येक पायाला साधारणपणे पाच ते दहा मिनिटे दिली जातात. शेवटी तेल पुसून घेतात. तेलकट पायांनी फरशीवर चालल्यास घसरून पडण्याची भीती असते, विशेषतः वृद्धांना.

काशाची वाटी

कासे हा साधारण चार भाग तांबे व एक भाग कथील यांचा मिश्रधातू आहे. तेल किंवा तूप लावलेला तळवा या धातूच्या वाटीने घासताना बऱ्याचदा काळपट होतो. ‘अंगातली उष्णता बाहेर पडली’ असे त्याचे स्पष्टीकरण घरोघरी दिले जाते. प्रत्यक्षात वाटीच्या पृष्ठभागावरील धातूचा अंश घर्षणाने तेलात व घामात मिसळल्याने हा रंग येतो. त्यामुळे काळपटपणा कमी-अधिक असण्यावरून प्रकृतीचा निष्कर्ष काढता येत नाही. वाटीचा गुळगुळीत, गोलसर तळ आणि एकसारखा दाब यांमुळे मिळणारा आराम मात्र खरा असतो.

परिणामांची कारणे

झोप लागण्याच्या सुमारास हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, तेथून उष्णता बाहेर टाकली जाते आणि शरीराचे आतील तापमान किंचित उतरते. कुर्ट क्रॉइखी व सहकाऱ्यांनी १९९९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात हातापायांची ऊब आणि लवकर झोप लागणे यांचा संबंध दाखवला. चोळण्याने पाय उबदार होतात, त्यामुळे पादाभ्यंगाचा परिणाम काही अंशी याच मार्गाने होत असण्याची शक्यता आहे. याशिवाय स्पर्श, मंद लय आणि ठरलेल्या वेळी होणारी कृती यांमुळे दिवसभराच्या धावपळीतून मन बाजूला होते.

संशोधन

क्रिस्टोफर मॉयर व सहकाऱ्यांनी २००४ साली मालिशविषयक ३७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. एका वेळच्या मालिशने तात्कालिक चिंता, रक्तदाब व नाडीचा वेग कमी होतो, तर अनेक वेळा केलेल्या मालिशने स्वभावगत चिंता व खिन्नता कमी होते, असे त्यात आढळले. मालिशमुळे कॉर्टिसॉल हे तणावाशी निगडित संप्रेरक पुष्कळ घटते, हा समज मात्र २०११ सालच्या त्यांच्याच आढाव्यात टिकला नाही. ही घट अत्यल्प असल्याचे दिसून आले. आपल्याला मालिश होत आहे हे व्यक्तीपासून लपवता येत नसल्याने अपेक्षेचा प्रभाव वेगळा काढणे अशा अभ्यासांत कठीण जाते.

मर्यादा व दक्षता

पादाभ्यंग हा आरामाचा उपाय आहे, निद्रानाशाच्या मूळ कारणावरील उपचार नव्हे. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप न येणे तीन महिन्यांहून जास्त चालल्यास तो दीर्घकालीन निद्रानाश मानला जातो. त्यासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली बोधात्मक वर्तनोपचार हा पहिला उपचार म्हणून सुचवला. मोठ्याने घोरणे व झोपेत श्वास अडखळणे, सततची उदासी किंवा रात्रीची धाप अशा लक्षणांत मालिशवर विसंबून राहिल्यास मूळ आजाराचे निदान लांबते.

एका पायाला अचानक सूज, दुखणे व उष्णता जाणवल्यास शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. अशा वेळी पाय चोळू नये व तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. जखम, त्वचेचा संसर्ग, अस्थिभंग किंवा ताप असतानाही मर्दन टाळावे. मधुमेहात तळव्याची संवेदना कमी झालेली असल्यास जोराचे घर्षण किंवा गरम तेल यांमुळे झालेली इजा लक्षात येत नाही. म्हणून अशा व्यक्तींनी वैद्यकीय सल्ला घ्यावा, वाटीचा वापर टाळावा आणि पायांची रोज पाहणी करावी.

हेही पहा

अभ्यंगस्नान, आयुर्वेद, कासे, निद्रानाश, मालिश