आरमाराची छावणी आणि 'म्हादेई'चे सहा महिने

आमच्या देवणीपासून समुद्र चार-पाचशे किलोमीटर दूर. येथील बहुतेक विद्यार्थ्यांनी तो पडद्यावरच पाहिलेला असतो. त्यामुळे रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तील आरमाराचे प्रकरण शिकवताना आम्हां दोघांनाही दरवर्षी थोडे चाचपडावे लागते. एका वर्षी 'छावणी' या शब्दापाशी गाडी अडली. पावसाळ्याआधी आरमाराची छावणी कशी करावी हे अमात्य सांगतात, त्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, जहाजांना चारा कोण घालणार?" वर्ग हसला. विचारणाऱ्याच्या घरची जनावरे दुष्काळात चारा छावणीत होती, हे आम्हांला मागाहून कळले. ज्या गावाचे नाव एका गोवंशाला मिळाले आहे, तेथे छावणी म्हटल्यावर दावणच आठवायची. आम्ही मात्र 'लष्करी तळ' असा कोशातला अर्थ देऊन मोकळे झालो.

आता वाटते, त्या मुलाचाच अर्थ मुद्द्याच्या अधिक जवळ होता. प्रतिकूल ऋतूत जीव जगवून ठेवायचा आणि ऋतू पालटला की पुन्हा कामाला जुंपायचे, हेच छावणीचे प्रयोजन. १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे, हे वाक्य परीक्षेत हमखास येते. पण त्या प्रकरणाचा मोठा भाग लढाईचा नाहीच. तो निगराणीचा आहे. दर्या खवळण्यापूर्वी काही दिवस आधीच तारवे आत घ्यावीत, किल्ल्याच्या आश्रयाने ठेवावीत. दरसाल एकाच बंदरी ठेवू नयेत, कारण आरमारी लोकांचा उपद्रव रयतेला होतो. सागवान परवानगीने तोडावे. परंतु रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, आणि एखादे जीर्ण झाड घ्यायचेच झाले तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. हा झाडांचा उतारा पर्यावरणाच्या भाषणांत फार वापरला जातो. पण तो आला आहे जहाजबांधणीच्या संदर्भात, हे भाषण करणारे सहसा सांगत नाहीत. असो.

आमची तक्रार आमच्याच विषयाबद्दल आहे. मराठी सागरी इतिहास म्हटला की कान्होजी आंग्रे येतात, त्यांची मोहीम येते, शत्रूचे पकडलेले जहाज येते. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खडक फोडून केलेली गोदी मात्र सहलीतल्या एका थांब्यापुरती उरते. जहाज निघाले आणि जहाज परतले, एवढेच आम्ही लिहितो. ते निघण्याजोगे कसे झाले, हा इतिहास कोणाचाच नसतो.

याला छेद देणारे उदाहरण अलीकडचे आणि जवळचे आहे. व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी हे नौदलातून निवृत्त होऊन फलटणजवळ विंचुर्णीला स्थायिक झालेले गृहस्थ. भारतीय माणसाने, भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास त्यांचा. कमांडर दिलीप दोंदे यांनी ते काम अंगावर घेतले २००६ मध्ये, आणि प्रत्यक्ष निघाले १९ ऑगस्ट २००९ रोजी. मधली तीन वर्षे कशात गेली? दोंदे हे पाणबुड्या अधिकारी. प्रदक्षिणेचा अनुभव कोणत्याही भारतीयाला एकट्याने नव्हता, त्यामुळे विचारायचे कोणाला हाही प्रश्न होता. सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन जगप्रदक्षिणेच्या एका शर्यतीची तयारी करीत होते, तेव्हा दोंदे त्यांच्या हाताखाली उमेदवारी करून आले. इकडे गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत ५६ फुटी नौका आकार घेत होती: लाकडी गाभा, वर फायबरग्लासचे थर. मांडवीच्या जुन्या नावावरून तिचे नाव 'म्हादेई'. फेब्रुवारी २००९ मध्ये ती पाण्यात उतरली.

तेथून निघण्याच्या दिवसापर्यंत अवघे सहा महिने. पाण्यात उतरलेली नौका तयार झालेली नसते, हे आम्हां जमिनीवरच्या माणसांच्या ध्यानात येत नाही. नवे दोर ताण घेऊन लांबतात, म्हणून डोलकाठीचे ताण पुन्हा पुन्हा जुळवावे लागतात. दोर कोठे घासतो हे तो झिजल्यावरच कळते. वाऱ्याचा जोर वाढताना शीड केव्हा आखडायचे हे पुस्तक सांगत नाही. अनुभवी माणसे एवढेच सांगतात की आखडावे असा विचार मनात आला, म्हणजे वेळ झालेली आहे. वारा पाठीमागून असताना सुकाणू जरा चुकले, तर शिडाचा आडवा दांडा एका क्षणात या बाजूहून त्या बाजूला फिरतो. वाटेत डोके आले तर संपलेच. हे सारे एकट्याने, रात्री, अर्धवट झोपेत करता आले पाहिजे. म्हणून आधी सोबतीने सफरी झाल्या. मग मॉरिशसपर्यंत सोबत आणि तेथून गोव्यापर्यंत दोंदे एकटे. पुढच्या मे महिन्यात, चार बंदरे घेऊन, ते मुंबईला परतले. वर्तमानपत्रांत छायाचित्र आले ते परतीचे.

नॉक्स-जॉन्स्टन यांचे नाव वर आले, त्याचा एक धागा मुंबईचा आहे. १९६८-६९ मध्ये कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले. शर्यतीत नऊ जण होते, पूर्ण केली एकट्या त्यांनी. त्यांची ३२ फुटी 'सुहेली' मुंबईत, येथल्याच सुतारांनी सागवानात, तासण्या आणि हातसामत्यांनी घडवली होती. अटलांटिकमध्ये तिच्या तळाजवळच्या सांध्यातून पाणी शिरू लागले. नॉक्स-जॉन्स्टन पाण्याखाली सुमारे पाच फूट उतरून भेगेत कापूस ठोकू लागले. तेवढ्याने भागेना, तेव्हा कापूस कापडाच्या पट्टीवर शिवला, पट्टी खिळ्यांनी ठोकली आणि वरून तांब्याचा पत्रा बसवला. भेगेत कापूस ठोकणे ही आमच्या कोकणातल्या गलबतवाल्यांचीही विद्या. पुढे ऑस्ट्रेलियाजवळ आपोआप सुकाणू धरणारी यंत्रणा मोडली, तेव्हा शिडांचाच तोल असा साधला की नौका स्वतःच दिशा धरून राहिली. नौका अंगवळणी पडणे म्हणतात ते हे असावे.

पाण्याची गोष्ट लातूरकरांना वेगळी सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने आलेले पाणी आम्ही मोजून वापरले आहे. त्याच 'म्हादेई'वरून २०१२-१३ मध्ये न थांबता प्रदक्षिणा करणाऱ्या अभिलाष टॉमी यांच्या गोड्या पाण्यात डिझेल मिसळले आणि शेवटचा पल्ला मोजक्या पाण्यावर काढावा लागला, हे वर्गात सांगितले तेव्हा कोणी हसले नाही.

पुढे २०१७ मध्ये 'म्हादेई'ची धाकटी बहीण 'तारिणी' त्याच गोदीत तयार झाली. वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी अधिकारी आधी 'म्हादेई'वरच शिकल्या होत्या. मॉरिशस, केप टाउनपर्यंत जाऊन आल्या होत्या. तरी १० सप्टेंबर २०१७ ला निघालेल्या या सहाजणींना शेवटच्या टप्प्यात सुकाणूच्या बिघाडामुळे पोर्ट लुईला ठरले नसताना थांबावे लागले. दुरुस्ती केली, आणि २१ मे २०१८ ला त्या गोव्यात परतल्या. २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच तीच नौका घेऊन पृथ्वीला वळसा घालून आल्या.

दोंदे यांनी आपले पुस्तक इंग्रजीत लिहिले. त्याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आम्ही वरचा परिच्छेद मराठीत लिहिताना 'शिडाचा आडवा दांडा' असे का लिहिले, हे आम्हीच जाणतो. शीड, सुकाणू, नाळ, परबाण, तांडेल हे शब्द मोल्सवर्थच्या कोशात आहेत, कोळीवाड्यांत थोडेफार आहेत, एम. ए. च्या वर्गात ते टीपेत असतात. शब्द टीपेत गेला की त्याच्यामागचे काम दिसेनासे होते.

यंदा आरमाराचे प्रकरण आले तेव्हा आम्ही फळ्यावर 'छावणी'चे दोन्ही अर्थ शेजारी लिहिले आणि 'सुहेली'ची हकीकत सांगितली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "पण मॅडम, पाण्याखाली हातोडी जोरात बसते का?" उरलेला तास त्यातच गेला.