एका पेटीतील दोन बिऱ्हाडे

पार्टिशन या इंग्रजी शब्दासाठी मराठीत दोन शब्द रूढ आहेत. घरादाराची, शेतीवाडीची होते ती वाटणी. देशाची झाली ती फाळणी. संगणकाच्या हार्ड डिस्कचे भाग पाडण्याच्या क्रियेला यांपैकी कोणता शब्द योजावा, याचा निर्णय आमच्या मराठी विभागात २००४ साली झाला, आणि तो कोश पाहून झाला नाही. त्या प्रसंगाकडे येऊच. परंतु तत्पूर्वी थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. एकाच यंत्रात दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवणे हा हौशी लोकांचा उपद्व्याप आहे, असा समज आपल्याकडे दृढ आहे. तो निराधार आहे, एवढे तरी या इतिहासावरून दिसावे.

आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला, तेव्हा त्याच्यासाठी तीन ऑपरेटिंग सिस्टिमांची नावे सांगितली होती: मायक्रोसॉफ्टकडून घेतलेली पीसी-डॉस, डिजिटल रिसर्च या कंपनीची सीपी/एम-८६ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत जन्मलेली पी-सिस्टिम. ग्राहकाने निवड करावी अशी अपेक्षा होती. पण पीसी-डॉसची किंमत सुमारे ४० डॉलर आणि नंतर आलेल्या सीपी/एम-८६ची २४० डॉलर. निवड काय होणार हे ठरल्यातच जमा होते. त्या यंत्रात हार्ड डिस्क नव्हतीच. फ्लॉपी बदलली की सिस्टिम बदलली. भाडेकरू आपली वळकटी घेऊन यायचा आणि घेऊन जायचा.

कायमचे बिऱ्हाड थाटण्याचा प्रश्न मार्च १९८३मध्ये आला. आयबीएमच्या एक्सटी या यंत्रात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती, आणि सोबतच्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत डिस्कचे भाग पाडणारी एफडिस्क ही आज्ञावली होती. या डिस्कच्या पहिल्या सेक्टरची रचना आम्हांला फार मनोवेधक वाटते. सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यांतील पहिले ४४६ बाइट म्हणजे यंत्र सुरू होताच चालणारी चिमुकली आज्ञावली. पुढचे ६४ बाइट म्हणजे वाटणीचा तक्ता. अखेरचे २ बाइट म्हणजे सही-शिक्का. तक्त्यात प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदी. भाग कोठे सुरू होतो, किती लांब आहे, तेथे कोणत्या प्रकारचा रहिवासी आहे, आणि चौघांपैकी घरचा कर्ता कोण, हे सारे त्या नोंदीत असते. खेड्यातील वाचकांस निराळे सांगायला नकोच, हा डिस्कचा सातबारा होय. दहा मेगाबाइटच्या इवल्याशा वावरात चार खातेदारांची सोय ठेवणाऱ्यांच्या मनात काय होते, हे उघड आहे: चार निरनिराळ्या सिस्टिमांनी एका डिस्कवर नांदावे. दुसऱ्यासाठी जागा मूळ आराखड्यातच होती.

तथापि चारही नोंदी एका पानावर असल्या, तरी ते ४४६ बाइट एकालाच मिळतात. यंत्र सुरू झाले की बायॉस हा पहिला सेक्टर स्मृतीत आणून ठेवतो, शिक्का तपासतो आणि सारी सत्ता त्या इवल्या आज्ञावलीच्या हाती सोपवून मोकळा होतो. त्यामुळे पुढचे सारे भांडण जमिनीपेक्षा उंबरठ्यावरून झाले. १९९०च्या दशकात आयबीएमच्या ओएस/२ने बूट मॅनेजर आणला, विंडोज एनटीने आरंभी निवडीची यादी दाखवली. पण विंडोज ९५ आणि ९८ बसवताना त्या जुन्या आज्ञावलीवर नवी लिहिली जाई, आणि आधीचा रहिवासी असूनही दिसेनासा होई. त्याची खोली, त्याचे सामान जागच्या जागी. दाराचा रस्ता तेवढा बुजलेला.

याच काळात लिनक्स आले. लिनस तोरवाल्ड्‌स हा हेलसिंकीचा विद्यार्थी. त्याने जानेवारी १९९१मध्ये ३८६ प्रोसेसरचे यंत्र घेतले, त्यावर अँड्र्यू टॅनेनबॉम यांची मिनिक्स ही शिकवण्यासाठी रचलेली सिस्टिम बसवली, आणि २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण एक नवी सिस्टिम लिहीत असल्याचे जाहीर केले. ‘जस्ट फॉर फन’ या २००१ सालच्या आत्मकथनात त्याने एक गोष्ट सांगितली आहे. मॉडेमला द्यायचा फोन लावण्याचा आदेश त्याने चुकून हार्ड डिस्कलाच दिला, आणि मिनिक्सचा भाग खराब झाला. मिनिक्स पुन्हा बसवायचे, की आपल्या अपुऱ्या लिनक्सलाच स्वतःच्या पायांवर उभे करायचे, असा प्रश्न उरला. त्याने दुसरा मार्ग धरला. यजमानाचे घर पडले म्हणून पाहुणा घरधनी झाला. आमच्या प्रसंगानंतर ही गोष्ट वाचून आम्हांला काहीसा दिलासा मिळाला, हेही कबूल केले पाहिजे. अर्थात त्याच्या चुकीतून लिनक्स निघाले. आमच्या चुकीतून काय निघाले ते सांगतो.

विभागात एकच संगणक, त्यावर विंडोज ९८. विंडोज ९८ला युनिकोडातील देवनागरी नीट दाखवता येत नसे. म्हणून आमच्या प्रश्नपत्रिका, टिपणे, लेख हे सारे एका फॉन्टच्या खास सांकेतिक लिपीत टंकलेले. अक्षर पडद्यावर मराठी, पोटात मात्र रोमन चिन्हांचा गोंधळ. नव्या लिनक्समध्ये देवनागरी यथास्थित दिसते असे कळल्यावर आम्ही दोघांनी, विद्यार्थ्याने आणून दिलेल्या मासिकासोबतच्या सीडीवरून, एका शनिवारी दुपारी दुसरे बिऱ्हाड मांडण्याचे ठरवले. डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग होते. स्थापनेच्या मध्यावर यंत्राने विचारले की रिकामी जागा वापरू, की आधीचे भाग काढून टाकू. वाक्य इंग्रजी होते, आम्ही पदव्युत्तर होतो, आणि आम्ही दुसरा पर्याय दाबला.

डी भागात आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मावळातून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. निवृत्तीच्या आधीची तीन वर्षे सर स्वतः एका बोटाने टंकत असत. काही भाग फ्लॉपींवर उतरवलेला होता. त्यांतील एक फ्लॉपी वाचता येईना. उरलेल्यांतील फायली नव्या सिस्टिममध्ये उघडल्या, तेव्हा ओवीच्या जागी रोमन अक्षरे आणि कंसांची रांगोळी दिसली. तो फॉन्ट दुसऱ्या बिऱ्हाडी नव्हताच. आम्ही सरांच्या घरी गेलो. हस्तलिखित वह्या आहेतच, असे आमच्या मनात होते.

“पहिली आणि तिसरी वही आहे,” सर म्हणाले. “दुसरी रद्दीत गेली हो. तुम्हीच म्हणाला होतात ना, आता संगणकात आहे म्हणून.”

तसे आम्ही खरोखरच म्हणालो होतो. त्या दिवसापासून विभागात त्या क्रियेला फाळणी म्हणतात.

आमची चूक आमची होती. परंतु ज्यांच्या हातून चूक झाली नाही त्यांचेही दुसरे बिऱ्हाड उठले, अशी उदाहरणे आहेत आणि ती अधिक विचार करायला लावणारी आहेत. अ‍ॅपलमधून बाहेर पडलेल्या झाँ-लुई गासे यांनी १९९०मध्ये बी ही कंपनी काढली. तिची बीओएस ही सिस्टिम १९९८मध्ये इंटेलच्या यंत्रांवर आली, आणि विंडोजच्या शेजारी राहायला ती मुळीच नाखूष नव्हती. जपानमध्ये हिताचीने एका संगणकात दोन्ही सिस्टिम घालून तो विकायला काढला. पण सुरू करताना निवडीची यादी काही दिसत नसे. बीओएस आत होती आणि ग्राहकाला तिचा पत्ता नव्हता. संगणक उत्पादकांशी मायक्रोसॉफ्टने केलेल्या करारांत आरंभक्रम बदलण्यास मनाई असे; अमेरिकेच्या सरकारने भरलेल्या खटल्यात न्यायाधीश जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९मध्ये जी तथ्ये नोंदवली, त्यांत या निर्बंधांची सविस्तर हकिकत आली आहे. पुढे नोव्हेंबर २००२च्या अंतिम निकालात, विंडोज सुरू होण्यापूर्वी अन्य सिस्टिम निवडण्याची सोय देणाऱ्या उत्पादकाला अडवता येणार नाही, असे कलम घातले गेले. ४४६ बाइटांवर न्यायालयाला लेखणी उचलावी लागली!

बीला त्याचा उपयोग नव्हता. २००१मध्येच तिची मालमत्ता सुमारे १ कोटी १० लाख डॉलरला पामकडे गेली होती. २००२मध्ये तिने मायक्रोसॉफ्टवर दावा लावला आणि सप्टेंबर २००३मध्ये २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली; दोष मायक्रोसॉफ्टने मान्य केला नाही. ज्या सिस्टिमला घर विकून एवढे मिळाले, तिला उंबरठ्याच्या भांडणात त्याच्या दुप्पट मिळावे, हा व्यवहार आमच्या अल्पमतीला कादंबरीच्या योग्यतेचा वाटतो.

नंतरचे थोडक्यात. २०१२मध्ये विंडोज ८बरोबर सिक्युअर बूट आले. आता पहिल्या आज्ञावलीवर मान्यताप्राप्त स्वाक्षरी लागते, आणि बहुतेक लिनक्स वितरणे त्यासाठी मायक्रोसॉफ्टचीच स्वाक्षरी असलेला एक छोटा दुवा वापरतात. सुरक्षेच्या दृष्टीने यात तथ्य आहे. तरीही शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या प्रवेशपत्रावर सही करावी, हे जरा चमत्कारिकच. दरम्यान २०१६पासून विंडोजच्या आतच लिनक्स चालवता येऊ लागले, त्यामुळे वाटणीची गरज पुष्कळांना उरली नाही. जुन्या तक्त्याची जागा १२८ नोंदींच्या नव्या तक्त्याने घेतली. मात्र डिस्कच्या पहिल्या सेक्टरात तो जुना चार खणांचा सातबारा आजही ठेवतात. त्यात एकच नोंद असते, सारी जमीन व्यापलेली आहे अशी, म्हणजे जुनी आज्ञावली चुकून ती मोकळी समजत नाही. २००४ साली अशी पाटी आमच्या डी भागावर असायला हवी होती.

पहिल्या आणि तिसऱ्या वहीतील ओव्या आम्ही पुन्हा टंकल्या, या खेपेस युनिकोडात. त्या दोन्ही बिऱ्हाडी सारख्याच उघडतात. दुसऱ्या वहीतील, फ्लॉपींवरून जुळवून घेतलेल्या, साधारण निम्म्या आहेत. क्रमांक सरांच्याच हिशेबाने ठेवले आहेत, त्यामुळे मधले आकडे गाळलेले दिसतात.