खतपत्र, पासबुक आणि अक्षरज्ञान

कर्जदाराचे पारतंत्र्य केवळ दारिद्र्यातून उद्भवते, असे सामान्यतः मानले जाते. पश्चिम महाराष्ट्राचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहता या मतास पुरवणी जोडावी लागते. ऋणाइतकेच त्या ऋणाचा लेख वाचता न येणेही येथे जाचक ठरले आहे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंग्यास आरंभ झाला. पुणे व नगर जिल्ह्यांत पसरलेल्या या उठावात शेतकऱ्यांचा रोख प्रामुख्याने सावकारांच्या खतपत्रांवर होता. जो लेख वाचून खोडता येत नव्हता, तो जाळण्यात आला. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांत खते ग्रामनिबंधकासमक्ष करण्याचा नियम घातला. पावती, वार्षिक हिशेब व पासबुक मागण्याचा हक्कही कुळास दिला. परंतु निरक्षराच्या हाती पासबुक म्हणजे आणखी एक न वाचलेला कागदच होय. मुद्दल, व्याज, दामदुप्पट हे शब्द कुळाच्या तोंडी होते. त्यांचे लेखी रूप मात्र सावकाराच्या वहीत, बहुधा मोडीत, बंदिस्त होते.

करवीर तालुक्यातील उचगाव कोल्हापूर संस्थानात मोडत असल्याने ब्रिटिश मुलखाचा हा कायदा तेथे आपोआप लागू नव्हता. १९१७ साली शाहू छत्रपतींनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. या निर्णयाचा विचार शिक्षणाच्या इतिहासात होतो. ऋणाच्या इतिहासातही तो व्हावयास हवा.

तथापि अक्षरज्ञान आणि हिशेबज्ञान एक नव्हेत. सातारा जिल्ह्यातील म्हसवडच्या स्त्रियांनी बँकेसाठी केलेला अर्ज, प्रवर्तक निरक्षर असल्याच्या कारणावरून रिझर्व्ह बँकेने प्रथम नाकारला. त्या लिहावयास शिकल्या. पुन्हा अधिकाऱ्यांपुढे जाऊन, व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखविण्याची तयारी त्यांनी दर्शविली. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली. या स्त्रियांना व्याज कळत होतेच. उणीव होती ती लेखी मान्यतेची.

उचगावसारख्या शहरालगतच्या गावांत आज कर्ज बचत गट, पतसंस्था व वित्तसंस्था अशा अनेक वाटांनी घरात येते. तेथील अर्थशिक्षणाने कुटुंबास काटकसरीचा उपदेश करण्यापेक्षा, आधीच अवगत असलेला तोंडी हिशेब करारपत्राच्या भाषेशी ताडून पाहण्यास शिकवावे. सही करण्यापूर्वी प्रश्न विचारता येणे, हाच स्वावलंबनाचा आरंभ होय.